लेडीज हँड

ताईचं नाक तिखट होतं आणि काम घाणीचं. ही काही चांगली जोडी नव्हे, पण पोटापुढे कोण काय बोलणार? धाकट्या भावाचा जुन्या गाड्या विकायचा धंदा होता आणि प्रत्येक गाडी विकायला उभी करण्याआधी ती आतून घासूनपुसून नव्यासारखी करायचं काम ताईचं. गाडी बाहेरून कितीही चमकू दे, सीट उचलली की माणसाची लायकी कळते. सीटच्या फटीत कापलेली नखं. मॅटखाली केसांचे बुचके. सीटच्या पोटाला चिकटवलेलं, दगड झालेलं च्युइंगम, एक नव्हे, सात-सात. एकदा मागच्या सीटखाली बाळाची दुधाची बाटली सापडली होती. आतल्या दुधाचं काय झालं होतं ते ताईने कुणाला सांगितलं नाही, पण पुढे दोन दिवस ती चहासुद्धा बिनदुधाचा प्यायली. आणि ह्याच गाड्यांचे मालक कडक इस्त्रीचे कपडे घालून यायचे आणि म्हणायचे, "गाडी अगदी जिवापाड जपलीये हो."

तरी ही घाण परवडली. पाणी, ब्रश आणि वाफेचं मशीन घेऊन बसलं की दोन तासांत जाते. ताईला खरी शिसारी यायची ती तिच्या दुसऱ्या कामाची. दुसरं काम म्हणजे मालकीण होणं.

जुन्या गाड्यांच्या बाजारात एक शब्द आहे, लेडीज हँड. गाडी बाईने वापरलेली आहे, म्हणजे हळू चालवलेली, वेळेवर सर्व्हिसिंग केलेली, कुठे आपटलेली नाही, असा त्याचा अर्थ गिऱ्हाईक आपणहून लावतं. बाई गाडी कशी चालवते हे कुणी बघायला जात नाही. तेव्हा भावाने आपल्या एकुलत्या एक बहिणीलाच लेडीज हँड करून टाकलं होतं. एखादी गाडी विकायला जरा अवघड असली की तो ती आधी ताईच्या नावावर करून घ्यायचा, विक्रीच्या कोऱ्या कागदांवर तिच्या सह्या घेऊन ठेवायचा, आणि गिऱ्हाईक आलं की वरच्या खोलीकडे बघून हाक मारायचा, "ताई, तुझ्या गाडीला बघायला आलेत गं!" मग ताईने हात धुऊन, बरी साडी नेसून, जिना उतरून खाली यायचं आणि गाडीच्या टपावर हात ठेवून म्हणायचं, "विकायला जिवावर येतंय, पण काय करणार? ह्यांची बदली झाली परदेशात."

ताईचा खरा नवरा सात वर्षांपूर्वी घर सोडून गेला तो गेलाच. गिऱ्हाइकापुरता भावाने तिला नवा नवरा दिला होता, चांगल्या नोकरीचा, परदेशातला. आणि गंमत म्हणजे ताईला गाडी चालवता येत नव्हती. येत नव्हती म्हणजे रिव्हर्स कुठे असतो हेही ठाऊक नव्हतं. तिला गाडीची माहिती होती ती सगळी खालून आणि आतून, गुडघ्यांवर बसून मिळवलेली.

हे सगळं ती का करायची? कारण सोपं होतं. शेडवरची खोली भावाची होती. भाऊ कधी तसं बोलून दाखवायचा नाही. फक्त एखाद वेळी ताईने तोंड वाकडं केलं तर म्हणायचा, "ती खोली भाड्याने दिली तर बरे पैसे येतील नाही?" आणि हसायचा. ताईही हसायची.

तर त्या महिन्यात निळी गाडी आली. गाडीवेडे लोक अशा गाड्यांना हॉट हॅच म्हणतात. दिसायला भाजी आणायला न्यावी अशी छोटीशी, पण आत इंजिन असं की पाय जरा जड पडला की मान मागे आपटते. ही आली तीच दुसऱ्या गाडीच्या पाठीवर बसून. नाक चेपलेलं, एक दिवा लोंबतोय, आणि स्टिअरिंगमधून एअरबॅग बाहेर आलेली, मळक्या उशीच्या अभ्र्यासारखी. तिच्यावर तपकिरी डाग होता. चालवणारा वाचला, असं आणणारा म्हणाला. नाक फुटलं तेवढंच. सीटवरचा डाग काढायला ताईला चार बादल्या पाणी लागलं. चौथ्या बादलीचं पाणीही स्वच्छ नव्हतं.

भावाने नाक सरळ करून घेतलं, खड्डे लांबीने, म्हणजे पुट्टीने, बुजवून रंग मारून घेतला, बेल्ट भंगारातून आणून बसवले. एअरबॅग मात्र नवी आणली नाही. ताईने विचारलं, तर म्हणाला, "नवीची किंमत माहितीये? तेवढ्यात निम्मी गाडी येते." मग एका दुपारी, दोघं ज्या टेबलावर जेवायची त्याच टेबलावर, त्याने स्टिअरिंगचं झाकण पालथं घातलं, त्यात सोफ्याचा स्पंज कापून ठासला आणि गोंदाने चिकटवलं. तारांना एक बारीकसा तुकडा जोडला. त्यामुळे किल्ली फिरवली की एअरबॅगचा दिवा शहाण्यासारखा लागायचा आणि शहाण्यासारखा विझायचा. शेजारच्या सीटसमोरही तेच केलं. मग झाकण ताईच्या नाकाखाली धरून म्हणाला, "गोंदाचा वास येतोय का बघ गं. तुझ्या नाकाला नाही आला म्हणजे कुणालाच नाही येणार."

ताई म्हणाली, "येतोय."

"मग दोन दिवस उन्हात ठेवू," भाऊ म्हणाला. त्या टेबलावर ताई त्या रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी जेवली, कारण टेबल एकच होतं.

निळ्या गाडीला गिऱ्हाईक आलं ते दातांच्या डॉक्टरीणबाई. पस्तिशीच्या, गोऱ्यापान, हात इतके स्वच्छ की ताईने आपले हात पदराखाली घेतले. बाई ठरल्या वेळेच्या तासभर आधी आल्या, आणि ते उगीच नव्हे. आल्या त्या सरळ बॉनेटवर तळहात टेकवून उभ्या राहिल्या.

"थंड आहे. बरं झालं," त्या म्हणाल्या. "गरम करून ठेवलेलं इंजिन सगळे रोग लपवतं. तोंड धुऊन आलेला पेशंट आणि सकाळी उठल्याबरोबरचा पेशंट, फरक असतो."

भावाचा चेहरा उतरला, कारण गरम करायचं त्याच्या मनात होतंच. पण सावरून त्याने वर बघून हाक मारली आणि ताई साडी सावरत खाली आली. टपावर हात, जिवावर येतंय, ह्यांची बदली. डॉक्टरीणबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पर्समधून दात तपासायचा तो लांब दांड्याचा गोल आरसा काढला.

त्यानंतरचा पाऊण तास ताई विसरणार नाही. त्या आरशाने बाईंनी गाडीचं असं तोंड उघडलं की भावाला घाम फुटला. किल्ली फिरवली, मागे जाऊन धुराचा रंग बघितला. तेलाची काडी ओढून बोटावर घेऊन चोळली. चारही टायरवरचे बारीक आकडे वाचले आणि म्हणाल्या, "पुढचे दोन नवे, मागचे सहा वर्षांचे. अशा पळणाऱ्या गाडीला चारही सारखे लागतात हो. पावसात मागचा भाग पुढे येईल." मग रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक काढून सगळ्या पत्र्यावर फिरवलं. दारांवर ते चिकटलं, मागे चिकटलं, पुढच्या डाव्या मडगार्डवर मात्र घसरून खाली आलं.

"इथे फिलिंग आहे," बाई म्हणाल्या. अगदी दाढेबद्दल बोलावं तशा.

"ताईने एकदा गेटला घासली," भाऊ म्हणाला. "हो ना गं?"

"हो," ताई म्हणाली. "वळताना." तिच्या तोंडाला कडू चव आली.

बाईंनी बॉनेटचे बोल्ट बघितले; त्यांच्यावरचा रंग तडकला होता. आरसा आत घालून सांधे बघितले. डिकीतली चटई उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साचल्याच्या खुणा शोधल्या. ब्रेकच्या पेडलचं रबर बघून मीटरवरचे किलोमीटर वाचले आणि भुवई वर केली. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून तळाशी शिवलेल्या पट्टीवरचं साल वाचलं. "गाडीपेक्षा बेल्ट दोन वर्षांनी म्हातारा?"

"आधीच्याला वास येत होता," भाऊ म्हणाला. "ताईचं नाक फार तिखट. बदलून घेतला." उचलली जीभ लावली टाळ्याला. ताईला वाटलं, ह्या माणसाच्या जिभेलाही कुणीतरी बेल्ट लावायला हवा.

पण एअरबॅगच्या बाबतीत बाई फसल्या. किल्ली अर्धी फिरवून दिव्यांकडे बघत राहिल्या. एअरबॅगचा दिवा लागला, पाच-सहा सेकंद राहिला, विझला. बाईंनी मान डोलावली. त्यांच्या यादीत त्यापुढे काही नव्हतं. कुणाच्याच यादीत नसतं. गाडीत कुणी सोफा भरला असेल हे भल्या माणसाच्या डोक्यात येईल कसं?

"चालवून बघू," बाई म्हणाल्या. "तुम्ही चालवा, मी शेजारी बसते. मालक गाडी कशी चालवतो त्यावरून निम्मं कळतं."

ताईने भावाकडे बघितलं. भाऊ पटकन मध्ये पडला. "ताईचा खांदा धरलाय कालपासून. तुम्हीच चालवा, ताई शेजारी बसेल." आणि ताईला आत ढकलून त्याने दार लावून घेतलं.

बाई चांगल्या चालवत होत्या, हे ताईलाही कळलं. मोकळ्या रस्त्यावर आल्यावर त्यांनी गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून पाय दाबला. इंजिन ओरडलं आणि गाडीही तेवढीच पळाली. "क्लच चांगला आहे," त्या खुशीत म्हणाल्या. "क्लच गेलेला असला की नुसतं ओरडते, पळत नाही." पुन्हा पाय दाबला. झाडं, खांब, भिंती सगळं मागे पळायला लागलं. ताईने दाराचा दांडा घट्ट धरला. तिची नजर मात्र रस्त्यावर नव्हती. ती स्टिअरिंगच्या मधल्या काळ्या झाकणावर होती. झाकणापासून बाईंची छाती हातभर अंतरावर होती. तिच्या स्वतःच्या समोरही तसंच काळं झाकण होतं, आणि आत काय आहे ते तिला माहीत होतं, कारण उरलेल्या स्पंजने ती त्याच आठवड्यात खिडक्या पुसत होती.

आता सांगितलं तर खोली जाते. नाही सांगितलं तर ही स्वच्छ हातांची बाई एखाद्या दिवशी त्या स्पंजावर तोंड आपटून घेईल. ताईला घाबरायला झालं, पण त्याहून जास्त किळस आली. भावाची आली, गाडीची आली, आणि सगळ्यात जास्त त्या साडीची आली जी ती नेसून खाली उतरली होती.

"गाडी थांबवा," ती म्हणाली. "मला बोलायचंय."

बाईंनी गाडी बाजूला घेतली. ताईने सांगून टाकलं. एअरबॅग नाही, स्पंज आहे. दिवा खोटा आहे. बेल्ट भंगारातला आहे. गाडी समोरून जबर आपटलेली आहे. मी मालकीण फक्त कागदावर, मला गाडी चालवताही येत नाही, आणि परदेशात माझं कुणी नाही. बोलता बोलता ती रडायला लागली आणि तिला हलकं हलकं वाटायला लागलं.

डॉक्टरीणबाईंनी दोन प्रश्न तेवढे विचारले: "शेजारचीही नाही?" आणि "इंजिनाला काही झालं नव्हतं?" ताईने दोन्हींना "नाही" असंच उत्तर दिलं. बाईंनी फोनवर काहीतरी टिपून घेतलं. ताईला वाटलं, तक्रार करणार. करू दे. होऊ दे एकदाचं.

परत आल्यावर बाई भावाच्या काचेच्या केबिनमध्ये गेल्या. ताई बाहेर नळाजवळ उभी राहिली. काचेतून भावाचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल, मग त्याने हात जोडले, मग डोकं खाजवलं, आणि मग, ताईचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना, दोघंही हसली. बाई पर्स सावरत बाहेर आल्या.

"घेतली," त्या ताईला म्हणाल्या. "जवळजवळ निम्म्यात पडली. थँक्यू हं, ताई."

ताईला काही सुधरेना. "घेतली? पण एअरबॅग..."

"मी कुठे चालवणार आहे? नणंदेसाठी आहे. तिला नोकरी लागली, तिला हीच गाडी हवी, सासऱ्यांनी पैसे काढून ठेवलेत. घरात म्हणाले, तपासायचं काम तुझं, तुझी नजर बारीक." बाई हसल्या. त्यांचे दात फार छान होते. "सासऱ्यांना आधीचाच आकडा सांगायचा, एवढं तुमच्या भावाला सांगितलंय."

"नवी बसवून घ्याल ना? नणंदेला सांगाल ना?"

"बघू." बाईंनी आपला स्वच्छ हात ताईच्या खांद्यावर ठेवला. "आणि ताई, कागद तुमच्या नावावर आहेत. उद्या काही निघालं तर फसवणूक तुमची ठरते, माझी नाही. तेव्हा आता जास्त बोलू नका."

चोरावर मोर म्हणतात तो हा. ताईने आयुष्यात उंदीर मेलेल्या गाड्या धुतल्या होत्या, पण अशी मळमळ तिला कधी झाली नव्हती. हात खांद्यावरून निघाला तरी तिथे काहीतरी चिकटून राहिल्यासारखं वाटत होतं. तिने वर जाऊन खांदा साबणाने धुतला.

भाऊ आता खोली काढून घेणार, याची तिने मनाची तयारी केली होती. भाऊ आला तो मिठाईचा पुडा घेऊन.

"आधी मी चिडलो होतो, खोटं कशाला बोलू," तो खाटेवर बसत म्हणाला. "पण मग डोक्यात प्रकाश पडला. अगं, हे गिऱ्हाईक जाणारच होतं! मडगार्ड सापडलं, बेल्ट सापडला, उरलं काय? तू रडून खरं सांगितलंस म्हणून गाडी गेली. कमी पैशात गेली, पण गेली. ताई, खरं बोलण्यात एवढा धंदा आहे हे मला माहीत नव्हतं! पुढच्या वेळी असंच कर. थोडं खरं, थोडं रडू. मी तुला सांगीन कुठलं खरं सांगायचं ते."

त्याने पेढा तिच्या तोंडाजवळ धरला. ताईने तोंड फिरवलं, तर त्याने तो स्वतः खाल्ला.

चौथ्या दिवशी गाडी न्यायला दोघी आल्या. नणंद चोवीस-पंचवीसची, केस आखूड, डोळ्यांत नुसता आनंद. गाडी दिसताच ती जवळजवळ धावली. एकदा प्रदक्षिणा घातली, दिवे बघितले, चाकं बघितली आणि मागे वळून वहिनीला मिठी मारली. "वहिनी, तू नसतीस तर बाबांनी घेऊच दिली नसती!" डॉक्टरीणबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तोच हात.

मग नणंद ताईकडे आली. "तुमची गाडी ना? तुम्हाला वाईट वाटत असेल. मी नीट सांभाळीन हं." आणि दार उघडून आत बसली, सीट पुढे ओढली, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि डोळे मिटून एक दीर्घ श्वास घेतला. "काय मस्त वास येतोय आत!"

तो लिंबाचा वास सकाळी ताईनेच फवारला होता. गोंदाचा वास अजून पुरता गेला नव्हता म्हणून.

ताई पुढे झाली. तिच्या कमरेला कामाची पिशवी होती, तिच्यात आतल्या पट्ट्या उचकटायची प्लॅस्टिकची चपटी पट्टी. "हात जरा बाजूला घ्या," ती म्हणाली. भाऊ "ए ताई, ए ताई" करत येईपर्यंत तिने पट्टी झाकणाखाली घालून जोर दिला होता. गोंद चर्रकन सुटला. झाकण नणंदेच्या मांडीवर पडलं आणि त्यातून पिवळा स्पंज हळूहळू फुगत बाहेर आला.

"हे काय आहे?" नणंदेने विचारलं.

"ही तुमची एअरबॅग," ताई म्हणाली. "शेजारचीही अशीच आहे. तुमच्या वहिनींना मी चार दिवसांपूर्वी सांगितलंय. म्हणूनच गाडी निम्म्यात दिली."

"निम्म्यात?" नणंद स्पंज हातात घेऊन बाहेर आली. "वहिनी, बाबांनी तर पूर्ण... तू म्हणालीस, सगळं तपासलं."

"तपासलं ना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज दवाखान्यातला होता, भीती घालवणारा. "इंजिन उत्तम आहे, क्लच उत्तम आहे. आणि तू काय रोज लांब जाणार आहेस? ऑफिस आणि घर."

नणंद वहिनीकडे बघत राहिली. तिने स्पंज बॉनेटवर ठेवला आणि रुमालाने हात पुसले, पुन्हा पुसले. मग ती ताईकडे वळली. ताईला वाटलं, आता ही आभार मानेल, आणि खरं सांगायचं तर ताईला ते हवंही होतं.

"मला सांगितलंत," नणंद म्हणाली. "ह्याआधी किती गाड्या तुमच्या म्हणून विकल्यात?"

"अकरा," ताई म्हणाली.

"त्यांना कोणी सांगितलं?"

नणंद फाटकाकडे चालू लागली. डॉक्टरीणबाई पर्स सावरत "अगं ऐक तर" करत मागे धावल्या. भाऊ ताईसमोर येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा ताईने लहानपणापासून पाहिला होता, खेळताना धडपडला की तो तिच्याकडेच रडत यायचा.

"खोली रिकामी कर," तो म्हणाला. "आजच. आणि सह्यांचे कागद माझ्याकडे आहेत, विसरू नकोस. मी बुडालो तर तुला घेऊन बुडेन."

"बुड," ताई म्हणाली आणि जिना चढली.

सामान फार नव्हतं. दोन पिशव्या भरल्या, तिसरी भरता भरता ती खाटेवर बसली. अकरा. ती मुलगी बोलली ते डोक्यातून जात नव्हतं. एक पाण्यात बुडालेली गाडी होती. सीटच्या स्क्रूंना लागलेला चिखल ताईने दात घासायच्या ब्रशने काढला होता. एकीचे ब्रेक अधूनमधून दगा द्यायचे. आणि एक पांढरी होती, दोन अपघातांतले दोन चांगले अर्धे मधोमध वेल्डिंग करून जोडलेली. तिच्या जोडावर गालिचा ताईने स्वतःच्या हाताने चिकटवला होता. एका रिटायर झालेल्या मास्तरांनी ती घेतली. घेताना त्यांनी काहीच तपासलं नव्हतं. बाईमाणसाची गाडी आहे, आणखी काय बघायचं, म्हणाले होते.

नंबर शोधावे लागले नाहीत. "काही शंका आली तर ताईला विचारा" असं सांगून भाऊ प्रत्येकाला तिचाच नंबर द्यायचा आणि त्याचा नंबर तिच्या फोनमध्ये घालून ठेवायचा. शंका कुणालाच आली नव्हती. ताईने फोन काढला. हाताला गोंद लागला होता, बोट काचेला चिकटत होतं. तिने मास्तरांचा नंबर लावला. खूप वेळ वाजला. ती ठेवणार तेवढ्यात उचलला गेला.

"हां, बोला ताई! ओळखलं की!" मागून वाऱ्याचा आवाज येत होता, आणि पोरांचं हसणं. "तुमच्याच गाडीत बसलोय बघा. नातवंडांना फिरवायला निघालोय. काय पळतेय हो, ऐंशीला लावली तरी पाण्यासारखी! बाईमाणसाच्या हातची गाडी ती, फरक पडतोच. का फोन केलात?"

"काका," ताई म्हणाली, "आधी गाडी हळूहळू बाजूला घ्या."